तीन फळ्यांची किडनी

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९७१

आलो एकदाचे घरी. सेव्हरिनच्या फेरीबोटीतून मी, सिग्ने, सिग्नेची किडनी आणि किडनीचं बिऱ्हाड. किती खोकी ती! किडनी म्हणजे तिच्या निकामी झालेल्या किडन्यांऐवजी रक्त गाळणारं यंत्र: तीन लांबलचक फळ्या, एकावर एक ठेवून आवळायच्या. लाकडाच्या नाहीत, प्लास्टिकच्या. पण आकार असा की सेव्हरिन धक्क्यावरूनच ओरडला, "काय रे मोन्स, बायकोला दवाखान्यात नेलंस आणि तिथंही होडीच बांधायला घेतलीस होय?" सिग्ने हसली. नाताळापासून ती हसली नव्हती, म्हणून मी सेव्हरिनला सोडून दिलं. एरवी सोडला नसता लेकाला.

यंत्राचे आकडे लिहायला दवाखान्यानं छापील वही दिली आहे. त्यात रक्तदाब आणि वजन मावतं, बाकीचं मावत नाही. म्हणून ही दुसरी.

बर्गनच्या डॉक्टरांनी ईस्टरपर्यंत मुदत दिली आहे. आठवड्यातून तीनदा मी घरी यंत्र लावायचं, बावीस तारखेपासून दर सोमवारी सिग्नेच्या रक्ताची बाटली फेरीनं बर्गनला पाठवायची. रक्त नीट राहिलं तर आम्ही बेटावरच राहू. नाही राहिलं तर दवाखान्याजवळ खोली घ्यायची आणि कायमचं तिकडेच. "कायमचं" हा शब्द डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघत उच्चारला. सिग्ने त्यांना काही बोलली नाही. बोटीत मला म्हणाली, "मोन्स, त्या खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते रे. मी भिंत बघत मरायची नाही."

गुरुवार, ११ फेब्रुवारी

घरातली पहिली किडनी बांधली. माझ्या होड्यांच्या कारखान्यातलं मोठं टेबल घासून स्वैपाकघराशेजारच्या खोलीत आणलं, कारण तिथं नळ आहे.

विसरायच्या आत लिहून ठेवतो. खालच्या फळीवर बारीक खाचा आहेत. त्यावर ताव पसरायचा. ताव म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, पारदर्शक कागद. कोरडा असताना चुरचुरतो, ओला केला की लाडावलेल्या मांजरासारखा हाताला चिकटतो. त्यावर दुसरा ताव. मग फळी, मग परत दोन ताव, परत फळी. आवळायचं. तावांच्या जोडीमधून सिग्नेचं रक्त वाहणार, जोडीच्या बाहेरून औषधी पाणी. एक सुरकुती राहिली तर रक्त तिथं अडून बसतं. एक भोक पडलं तर रक्त पाण्यात.

पहिले दोन ताव फाटले. मी शिव्या घातल्या. सिग्ने खुर्चीतून म्हणाली, "शिव्या देऊन ताव सरळ होत असते तर तुझ्या होड्यांना खिळेच लागले नसते." मग उठून तिनं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पसरला तेव्हा बसला चांगला. हवा भरून तपासलं, कुठं गळत नव्हतं. जीव भांड्यात पडला.

सुई मात्र तिची तिनंच टोचून घेतली. बर्गनला सुई टोचायला शिकताना मी दोनदा चक्कर येऊन आडवा झालो होतो, तेव्हापासून तिनं तो विषयच काढलेला नाही. मी खिडकीतून कारखान्याच्या छपराकडे बघत उभा राहिलो.

शनिवार, १३ फेब्रुवारी

सगळं नीट पार पडलं. यंत्र चालू असताना सिग्ने झोपली आणि मी नळ्यांकडे बघत बसलो. तोर्दिस सिस्टरनी बर्गनला पहिल्याच दिवशी दाखवलेला प्रयोग आठवला. त्याच कागदाची पिशवी, तिच्यात दूध आणि मूठभर मीठ, तोंड घट्ट बांधून साध्या पाण्यात सोडली. कॉफी पिऊन आलो. म्हणाल्या, "चाखा आता बाहेरचं पाणी." चाखलं तर खारट! पण पाणी स्वच्छ, दुधाचा मागमूस नाही. कागदाला भोकं आहेत, पण इतकी बारीक की मीठ निसटतं आणि दुधातलं जाड ते आतच राहतं. म्हटलं, हे आमच्या जाळ्यासारखंच झालं. बारकी मासळी सुटते, मोठा कॉड मासा अडकतो.

मी विचारलं, "पण मिठाला बाहेर ढकललं कुणी?"

"कुणी नाही. जिथं दाटी आहे तिथून ते मोकळ्या जागेकडे आपसूक जातं. दोन्हीकडे सारखं झालं की संपलं. म्हणून बाहेरचं पाणी सतत ताजं ठेवायचं, म्हणजे रक्तातला कचरा येतच राहतो."

मला हे फार पटलं. इतकं पटलं की मी बोटीत सेव्हरिनला समजावून सांगितलं, धक्क्यावर पोस्टमनला सांगितलं आणि काल शेजारच्या औलिनाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोन्स, तू आता प्रोफेसर झालास, जरा माझा नळ दुरुस्त करून दे."

बुधवार, १७ फेब्रुवारी

सिग्नेला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून स्वैपाक माझ्याकडे आला आहे. तीस वर्षांच्या संसारात मी कॉफीखेरीज काही केलं नव्हतं, आणि तीही सिग्ने गुपचूप कुंडीत ओतायची. कुंडीतलं झाड मेलं तेव्हा मला कळलं.

बटाट्याचं प्रकरण अवघड आहे. बटाट्यात पोटॅशियम फार, ते सिग्नेच्या रक्तात साठलं तर हृदय बंद पडतं. पण बटाट्याशिवाय जेवण म्हणजे जेवणच नाही. तर सोलायचे, बारीक चिरायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे, ते पाणी फेकून द्यायचं, मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळायचे. हे सगळं बरहुकूम केलं. उकळल्यावर बटाटे अगदीच पुचाट लागले, चव सगळी पाण्यात उतरलेली. ते पाणी फेकायला माझा हात धजेना. आईनं आयुष्यात कधी बटाट्याचं पाणी फेकलं नाही. सगळा जीव त्यातच असतो म्हणायची. एक पाणी फेकलं होतंच की सकाळी. ह्या पाण्याचं मी सूप केलं. सिग्नेला दिवसाकाठी पाणी मोजूनच मिळतं, तेव्हा पातेलंभर सूप देता येईना. मग आटवत बसलो. आटवून आटवून एक वाटी केली, वर मूठभर कॉड आणि शेपू.

तिनं पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबली. माझ्याकडे बघतच राहिली. म्हटलं, काय गं, बिघडलं का? म्हणाली, "नाही रे. फार छान झालंय." डोळ्यांत पाणी होतं. मिरी जास्त झाली असणार. उद्या कमी घालीन.

सोमवार, २२ फेब्रुवारी

रक्ताची पहिली बाटली सेव्हरिनकडे दिली. त्यानं ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. म्हणाला, "तुझ्या लग्नात मी अंगठी सांभाळली होती, आता हे." मला एकदम भरून आलं, म्हणून त्याला म्हटलं, "अंगठी तू हरवली होतीस, गाढवा."

सूप आता रोज करतो.

बुधवार, ३ मार्च

डॉक्टरांचा फोन. पोटॅशियम वर गेलं आहे. फार नाही, पण वर. केळी खाल्ली का? चॉकलेट? सुके जर्दाळू? मी म्हटलं, या बेटावर हिवाळ्यात केळं दिसलं तर आम्ही त्याचा फोटो काढू. ते हसले नाहीत.

म्हणजे ताव नीट बसत नसणार. एखादी सुरकुती राहत असेल, नजरेला न दिसणारी.

शनिवार, ६ मार्च

आज किडनी बांधली, मोडली आणि परत बांधली. जहाजावरचा मोठा दिवा आणून तावावर धरला. एकही सुरकुती नाही. सिग्ने म्हणाली, "पुरे कर रे, चांगली बसली आहे." तिला काय माहीत.

ती थकलेली दिसते. अंगात शक्ती यावी म्हणून सूप अजून दाट केलं.

गुरुवार, ११ मार्च

आकडा परत वर. आणि मी गाढवपणा केला.

मला वाटलं ती काहीतरी चोरून खात असणार. बर्गनच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई उशीखाली मनुका ठेवायची. म्हणून सिग्ने यंत्रावर झोपलेली असताना मी तिचं कपाट उघडलं. लोकरीचे गुंडे उपसले, टोप्यांच्या डब्यात हात घातला. काही नाही. मागे वळलो तर ती डोळे उघडे ठेवून बघत होती.

"सापडलं का काही?"

मी लोकरीचा गुंडा परत कपाटात ठेवला.

"तीस वर्षांत तुला माझ्या कपाटात हात घालावासा वाटला नव्हता."

ओरडली असती तर परवडलं असतं. संध्याकाळी एक अक्षर बोलली नाही. पण सूप मात्र सगळं प्यायली. वाटी पुसून घेतली पावाच्या तुकड्यानं. रागावलेलं माणूस असं जेवतं का? मला या बाईचं काही कळत नाही.

रविवार, १४ मार्च

बोलायला लागली. सकाळी म्हणाली, "तुझ्या शर्टाला शेपू चिकटलाय." बरं वाटलं.

सोमवार, २२ मार्च

आज बाटली देताना सेव्हरिनला विचारलं, बर्गनला खोल्यांची भाडी काय असतात. तो कोटाची बटणं लावत राहिला. मग म्हणाला, "मला नाही माहीत आणि मी विचारणारही नाही."

सिग्ने खिडकीशी बसून विणते आहे. समुद्राकडे बघते, चार टाके घालते, परत बघते. ही जागा तिच्याकडून काढून घ्यायची, आणि तीही माझ्या हाताला एक ताव नीट पसरता येत नाही म्हणून! कारखान्यात जाऊन बसलो. रडलो, लिहायला लाज कसली.

गुरुवार, १ एप्रिल

काल ती गेलीच होती.

दुपारी जेवण झालं, ताट उचलायला उठली आणि पाय दुमडले. मी धरली. म्हणाली, पायात जोरच नाही, ओठ बधिर झालेत. नाडी बघितली तर दोन ठोके आणि मग बराच वेळ काहीच नाही. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जे असेल ते सोडा, ताबडतोब यंत्रावर घ्या.

किडनी बांधून तयार होती, देवाची कृपा. पण सिग्नेचा हात इतका लटपटत होता की सुई धरवेना. तिनं माझ्याकडे बघितलं आणि सुई पुढं केली. मी घेतली. कशी टोचली, ठाऊक नाही. आडवा झालो नाही एवढं खरं. आडवा व्हायला वेळच नव्हता. रक्त नळीतून निघालं, फळ्यांमधून फिरून परत तिच्या हातात जायला लागलं. मी नाडीवर बोट ठेवून बसलो. हळूहळू ठोके सरळ झाले. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बघ, जमलं की तुला."

म्हणजे ताव नीट बसले होते! फळ्या काम करतात. मग हे विष येतं कुठून?

आज डॉक्टर म्हणाले, उद्या तोर्दिस सिस्टरना पाठवतो, त्या बघतील आणि मग ठरवू. ठरवू म्हणजे काय, ते मला कळलं.

शुक्रवार, २ एप्रिल

सिस्टर सकाळच्या फेरीनं आल्या. फळ्या पाहिल्या, ताव पाहिले, औषधी पाण्याची टाकी पाहिली. म्हणाल्या, "मोन्स, आमच्याकडची माणसं इतकं सुबक बांधत नाहीत." मग कपाटं पाहिली, मिठाचा डबा पाहिला. काही सापडेना. मी म्हटलं, आधी जेवून घ्या.

त्या टेबलाशी बसल्या, सिग्ने समोर. मी बटाटे गाळले, पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतून चुलीवर आटवायला ठेवलं आणि शेपू चिरायला घेतला.

"ते काय करताय?"

"सूप. सिग्नेचं."

"कसलं पाणी आहे ते?"

"बटाट्याचं."

सिस्टर उठून उभ्याच राहिल्या. त्यांनी पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. "रोज?"

"रोज. आटवून. म्हणजे सगळा कस..."

बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. सिस्टरनी फक्त शेवटचं सांगितलं. "बटाट्यातलं पाण्यात गेलं, मोन्स. दाटीतून मोकळ्या जागेत. तेवढ्यासाठीच तर उकळायचे. आणि ते पाणी तुम्ही आटवून तिला पाजलंत."

बेटावरच्या दर माणसाला धरून मी ही विद्या शिकवली होती. औलिनाबाईंना सुद्धा.

ते पाणी उचलून दाराबाहेर फेकलं. पातेल्यासकट. सिग्नेकडे बघायची हिंमत होईना. बघितलं तेव्हा ती टेबलावरच्या कापडाची किनार सरळ करत होती. दचकली नाही, रागावली नाही, काही नाही. धक्का बसला असेल बिचारीला.

शनिवार, ३ एप्रिल

झोप नाही. ठरवलं. मी तिला जवळजवळ मारलंच होतं, मायेनं चमचा चमचा करून. जिथं जाणती माणसं आहेत तिथं तिला ठेवायला हवं. खोलीच्या खिडकीतून भिंत दिसेना का.

सकाळी तिला सांगितलं. ती शाल पांघरून माझ्यामागे फोनपाशी आली. मी डॉक्टरांना म्हटलं, खोली बघा, मला हे जमणार नाही, चूक सगळी माझी. सिग्नेनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"डॉक्टर, मी सिग्ने. हे काय सांगतात ते ऐकू नका. चूक यांची नाही... हो, पाणी यांनी ठेवलं. पण मी जन्मभर बटाटे उकळत आलेय, मला पहिल्या चमच्याला कळलं ते काय आहे."

मी भिंतीला टेकलो.

"हो, ठाऊक होतं. इतकं चढेल असं नव्हतं वाटलं, पण ठाऊक होतं... नाही, मरायचं नव्हतं मला. छे! मरायचं असतं तर घरी कशाला आले असते?... आता नाही होणार. माझा शब्द घ्या. खोली नको."

तिकडून डॉक्टर बराच वेळ बोलले. तिनं दोनदा "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि मला सांगितलं की ईस्टरनंतरचं रक्त बघून ठरवणार.

मी म्हटलं, "तुला कळलं होतं आणि तू प्यालीस? मी कपाट उपसलं तेव्हाही गप्प बसलीस? मला वेड लागायची पाळी आली होती, सिग्ने!" आवाज चढला माझा. आजवर तिच्यावर इतका ओरडलो नव्हतो.

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "ओरड. तुझा हक्कच आहे. रोज म्हणायचे, उद्या सांगीन. आणि रोज तू वाटी ठेवायचास, समोर बसायचास आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचास, आवडलं का, आवडलं का म्हणून. मोन्स, तीस वर्षं मी वाढत आले. तू खाल्लंस, उठलास, कारखान्यात गेलास. वाईट नव्हतास रे तू, कुणाचाच नवरा विचारत नाही. पण माझ्यासाठी असं कुणी तासभर चुलीपाशी उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ते बंद झालं असतं. मला नाही बंद करवलं."

तिच्या पायाशी बसलो, डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं. तिनं केसातून हात फिरवला आणि म्हणाली, "केस कापायला झालेत."

शुक्रवार, १६ एप्रिल

डॉक्टरांचा फोन आला. रक्त नीट आहे. पोटॅशियम जिथं हवं तिथं. शरद ऋतूपर्यंत कुणी आम्हाला काही विचारणार नाही, आणि तेव्हाही असंच असेल तर नंतरही नाही. सिग्ने खाली धक्क्यावर चालत गेली आणि सेव्हरिनला सांगून आली. फेरीचा भोंगा इतका वेळ वाजला की औलिनाबाई आग लागली म्हणून बाहेर धावत आल्या.

रविवार, १८ एप्रिल

आज दुपारी तिनं मला स्वैपाकघरातून हाकललं. आता अंगात जोर आहे, उभं राहवतं. दोनदा पाणी फेकलेले बटाटे, उकडलेला मासा, वर जरा लोणी. मीठ नाही, काही नाही. माझ्याही ताटात तेच.

मी खाल्लं. कारखान्यात एक होडी अर्धी पडली आहे, उजेड होता, जायला हवं होतं. बसून राहिलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"फार छान झालंय."

"खोटारड्या," ती म्हणाली आणि एप्रन तोंडाला लावला. बराच वेळ तो बाजूला केला नाही. मीही उठलो नाही.